कौल माझ्या लिव्हरचा

आजार मला, लिव्हर माझं, आणि कौल लावायला निघाले आमचे थोरले दीर. त्या सकाळी राहू गावच्या भैरोबाच्या देवळात मी डोक्यावर पदर घेऊन खांबाशी बसले होते, आणि खरं सांगायचं तर मनात भक्तीचा लवलेशही नव्हता. नुसता संताप होता. आप्पांवर, म्हणजे दिरांवर, होता. मुकाट बसलेल्या नवऱ्यावर होता. आणि एकदा भोगलेलं पुन्हा पुढ्यात आणून ठेवणाऱ्या देवावर तर सगळ्यांत जास्त होता.

तीन वर्षांपूर्वी लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा बरगडीखालून पोट आडवं उघडलं होतं. खोकला आला तरी जीव जायचा. कितीतरी महिने मला कळशी उचलता आली नाही. आता तपासणीत बोराएवढी दुसरी गाठ दिसली. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दुर्बिणीतून केलं तर चार-पाच छोटी छिद्रं, दुखणं कमी, घरी लवकर. पण पहिल्या ऑपरेशनमुळे आतडी लिव्हरला चिकटलेली असणार, ती सुटली नाहीत तर मध्येच पोट उघडावं लागेल. सरळ उघडून केलं तर सगळं हाताशी, पण तीच मोठी जखम पुन्हा. गाठ कडेला आहे, दोन्ही वाटांनी निघण्यासारखी आहे, तुम्ही ठरवून कळवा, असं ते म्हणाले. म्हणाले ते आप्पांकडे बघून. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते, पण त्यांना बहुधा माझी फाईलच तेवढी दिसत होती.

आमच्याकडे थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही. तीस वर्षांत आप्पांनी मला जे काही सांगितलं ते ह्यांच्यामार्फत. त्यामुळे परतताना गाडीत माझ्या पोटाची चर्चा माझ्यादेखत, पण मला वगळून चालली. "भोकातून गाठ कशी निघंल? उघडूनच करायचं," आप्पा म्हणाले. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल ठरवावं तसं माझं ऑपरेशन ठरत होतं. आमचे हे एवढंच म्हणाले, "देवाला इचारू." बायकोला विचारावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

गुरवमामांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर उघडून, डावी पडली तर दुर्बिणीनं. आप्पांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. कळ्या हलल्या नाहीत. मामांनी त्या बदलल्या, आप्पांनी पुन्हा विचारलं. तास गेला तरी देव काही बोलेना. मला वाटलं, यालाही माझ्याशी बोलायचं नाही.

आमच्या मागे नैवेद्याचं ताट घेऊन एक म्हातारी ताटकळत उभी होती. कुणाच्या ओळखीची नव्हती. शेवटी तिनंच विचारलं, "कौल कुणाचा हाय?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग तिला खांबापाशी का बसिवलंय? आमच्या पाबळला जिचं गाऱ्हाणं तिनंच घालायचं आसतं. तुमच्यात न्हाई का ही रीत?"

मामा खाली बघत म्हणाले, "रीत तीच हाय, आजी. आप्पांची भीड पडली."

मी उठले. देवापुढे जाऊन उभी राहिले. आप्पांसमोर मी कधी आवाज काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला. "देवा, मी इचारायला आले न्हाई, सांगायला आले. दुर्बिणीनं सुरू करायचं. आत न्हाई जमलं तर डॉक्टरनं उघडावं, माझी ना न्हाई. पोट माझं हाय, ते मी त्यांच्या हाती देते. त्यांचा हात तेवढा तू धर."

डावी कळी पडली. मी नमस्कार करून उभी राहीपर्यंत उजवीही पडली. मामा गोंधळले, असा कौल त्यांनी पाहिला नव्हता. पाणी सुकून कळ्या सुटल्या असतील, मी वाद घालत नाही. मागे वळले तेव्हा म्हातारी माझ्या पदरात एक पुरणपोळी टाकून पायरी उतरत होती. पुढे मी पाबळला चौकशी केली, पण ती कोण होती ते कळलं नाही.

ऑपरेशन दुर्बिणीनंच सुरू झालं. आतडी सुटेनात, एका जागी रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि गाठ पूर्ण काढली. शुद्धीवर आल्यावर पोट चाचपलं, तर हाताला मोठी पट्टी लागली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पहिली जखम मला इतरांनी ठरवून दिलेली होती. या जखमेला मी स्वतः होकार दिला होता. देवावर सोपवायचं म्हणतात, पण जे आपल्या हातात कुणी ठेवलंच नाही ते सोपवणार कसं? माझं पोट त्या म्हातारीनं आधी माझ्या हातात दिलं, म्हणून मला ते देवाला देता आलं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी सवयीनं फाईल आप्पांकडे वळवली. आप्पांनी ती हातानं मागे सारली. "मला नका सांगू. पेशंट ती हाय." मग तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "इचार बाई, तुला काय इचारायचं ते."

मी मनात भैरोबाला हात जोडले आणि स्टूल पुढे ओढलं.