भुऱ्या नाला का ओलांडत नव्हता

भुऱ्या नाल्याच्या काठावर थांबला आणि थरथरू लागला. कापूस वेचायला निघालेल्या बायाही त्याच्यामागे थांबल्या. नाल्यापलीकडे सुभद्राबाईंचं शेत, शेताला लागून जंगल. भुऱ्या सुभद्राबाईंचाच कुत्रा. आठ-नऊ वर्षं तो रोज सगळ्यांच्या पुढे त्या शेतात जात आला होता. तो नाला ओलांडत नव्हता, त्याचा हा तिसरा दिवस.

मी बाजारहत्नूरकडच्या गावांत जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. गावानं मला कुत्रा दाखवायला बोलावलं होतं. मी चार हातांवरून पाहिलं. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळे विस्फारलेले. "काहीतरी पाहून भेदरलाय," असं म्हणालो आणि मोटरसायकलकडे वळलो.

मी घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य गावभर झालं होतं: डॉक्टर म्हणतात, भुऱ्यानं वाघ पाहिला. आमच्याकडे ही नुसती कल्पना नसते. नदीपलीकडच्या जंगलातून वाघ अधूनमधून खरोखर येतात. नाल्यापलीकडची वेचणी बंद पडली. फॉरेस्टच्या बीट ऑफिसरनं झाडांना ट्रॅप कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की हे कॅमेरे आपोआप फोटो काढतात.

बोंडं फुटून कापूस लोंबू लागला होता, आणि आभाळ येत होतं. पाऊस पडला तर तो मातीत जाणार. वाघ असला तर बायांनी आत जाता कामा नये. हे सगळं माझ्या एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य मी नीट तपासून बोललो नव्हतो.

भुऱ्या अडल्याच्या सहाव्या दिवशी सुभद्राबाई दवाखान्यात आल्या.

"साहेब, नाल्यापाशी वाघ हाय, मानलं. पन हे कुत्रं घरी ओट्यावर बी चढून नाही राह्यलं. ओट्यावर काऊन भेते? तिथं बी वाघ बसला काय?"

कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. शेवटच्या काही महिन्यांत ती जिना उतरायला घाबरायची. मी तिला धीर देत राहिलो. दुखतंय का, हे विचारायला मला उशीर झाला.

त्याच दुपारी मी सुभद्राबाईंच्या घरी गेलो. कापडाच्या पट्टीनं भुऱ्याचं तोंड बांधलं आणि मानेपासून एकेक सांधा चाचपत गेलो. पुढचे पाय ठीक होते. उजवा मागचा पाय हळूच मागे ताणला, तसा तो किंचाळला आणि माझ्या हातावर आला.

"आता भेलं का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाही. दुखलं."

खुब्याचा सांधा झिजला असावा. नाल्याचा काठ उंच. रोज तिथून खाली उडी मारली की कळ जाणार. ही कळ आपल्या सांध्यातून येते, हे कुत्र्याला कळत नाही. या जागी आलं की दुखतं, एवढंच त्याला समजतं. मग तो जागेला भितो, तिथल्या आवाजाला भितो, हलणाऱ्या झुडपालाही भितो. वरून पाहणाऱ्याला ही भीती वाघाच्या भीतीसारखीच दिसते.

याची परीक्षा साधी असते. आधी दुखणं कमी करायचं आणि मग भीती ओसरते का ते पाहायचं. मी कुत्र्यांची वेदनाशामक गोळी दिली. "खाण्यासोबतच द्या. माणसांची गोळी देऊ नका, ती त्याला विषासारखी होऊ शकते. उडी मारू देऊ नका. बैलगाडीच्या उतारावरून दोरी धरून न्या."

गोळी सुरू केल्यावर पाचव्या दिवशी सगळे पुन्हा नाल्यावर जमले. सुभद्राबाईंनी दोरी धरली होती. भुऱ्यानं उताराची माती हुंगली आणि सावकाश चालत तो पलीकडे गेला.

"गेलं बाई, गेलं! वाघ-बिघ काही नाही. चला." बायांनी कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधल्या.

बीट ऑफिसर माझ्याकडे वळला. तो तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचा. "साब, टायगर नहीं है बोलके लिख के देते क्या?"

आठवड्यापूर्वीची चूक आता उलट्या बाजूनं होत होती, आणि या वेळी तिच्या भरवशावर बाया जंगलाच्या कडेला जाणार होत्या.

मी उतारावर आडवा उभा राहिलो. "थांबा. तो गोळीमुळं पलीकडे गेलाय. वाघ नाही हे त्याला ठाऊक नाही, आणि मलाही नाही."

"आधी तुमी म्हनलं भेलं, म्हून आमी थांबलो," सुभद्राबाई म्हणाल्या. "आता गेलं, तरी बी थांबा. तुमी कुत्र्याचे डॉक्टर हाय का वाघाचे?"

"कुत्र्याचा. वाघाचं या ऑफिसरांना विचारा."

"आन तेवढ्यात पानी आलं तं?" मागून एक बाई म्हणाली.

ऑफिसर कॅमेऱ्यांतली कार्डं काढायला गेला. बाया अलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर बसल्या. मी एकदा आभाळाकडे बघायचो, एकदा जंगलाकडे.

ऑफिसर परतला तेव्हा दुपार कलली होती. फोटोंत रानडुकरं होती, नीलगायी होत्या, आणि टमरेल घेऊन निघालेला गावातला एक माणूस होता. बाया त्याला पाठीवरून ओळखून बराच वेळ हसल्या. वाघ नव्हता.

"आज तक नहीं है," ऑफिसर म्हणाला. "कल का मैं नहीं बोल सकता." सगळ्यांनी मिळून जायचं, सोबत दोन माणसं ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, या अटींवर त्यानं वेचणी सुरू करू दिली. दोन दिवसांनी पाऊस आला. तोवर अर्ध्याहून जास्त कापूस घरात आला होता. उरलेला मातीत गेला.

पुढे आदिलाबादला भुऱ्याचा एक्स-रे काढला. खुबा झिजलेलाच होता. तो बरा होणार नाही, सांभाळावा लागेल. थंडी वाढली की तो अजूनही नाल्यापाशी अडतो. सुभद्राबाई त्याला गोळी देतात आणि बाया तेवढ्यात जंगलाकडे एकदा बघून घेतात.

भेदरलेलं जनावर दाखवून लोक मला विचारतात, यानं काय पाहिलं? आता माझं उत्तर ठरलेलं आहे: तपासून सांगतो. ते कोणालाच आवडत नाही.