सुरू न झालेला प्रोग्राम

परवा पनवेलमध्ये रक्तदान शिबिरात स्पिरिटचा वास आला आणि एका रक्तपेढीतली जुनी सकाळ आठवली. फ्रिजचे तापमान दाखवणारा, ते वाढले की भोंगा वाजवणारा आमचा प्रोग्राम त्या दिवशी तिथे बसणार होता. ऑफिसातल्या फ्रिजवर तो आठवडाभर बिनतक्रार चालला होता.

आदल्या संध्याकाळी आमच्या टीममधल्या सुजाताताईंनी एक सेटिंग बदलले होते. तोवर प्रोग्राम लायब्ररीतले, म्हणजे तयार कोडच्या संचातले, प्रत्येक फंक्शन गरज पडेल तेव्हाच शोधायचा; आता लागणारी सगळी फंक्शन्स त्याने सुरुवातीलाच शोधायची. एक जरी सापडले नाही तरी सुरूच व्हायचे नाही. रक्तपेढीत तो सुरू झाला नाही.

"कालपर्यंत चालत होता ना, ताई? तुम्हीच बिघडवलात," आमचे साहेब म्हणाले.

"कालपर्यंत फ्रिज थंड होता, सर. भोंग्याला कुणी हाकच मारली नव्हती."

पडद्यावर न सापडलेल्या फंक्शनचे नाव होते. भोंगा वाजवणारे तेच होते. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत ते राहून गेले होते.

रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी फ्रिजमधल्या पिशव्यांकडे पाहिले. "मग आज नको. फ्रिजवर लक्ष ठेवायला आजही माणूसच बसवते."

परतताना गाडीत ताईंशी कोणी बोलले नाही. आम्हाला ती नाचक्की वाटली होती. आता वाटते, प्रोग्राम त्या सकाळी पहिल्यांदा खरे बोलला होता.