दोन मिनिटांच्या सह्या

जळगावहून निघून सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात मोटारसायकलवर चारशे किलोमीटर करायचे आणि परत जळगावलाच यायचे, एवढीच ती योजना होती. तिच्या आखणीला दोन वर्षे गेली. प्रत्यक्ष प्रवास एकदाच झाला, तोही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जानेवारीत.

कारण पुण्यातला एक क्लब. तिथले हौशी मोटारसायकलस्वार कन्याकुमारीपर्यंत मोहीम काढणार होते. चार दिवस, रोज चारशे किलोमीटर, फक्त उजेडात. बाहेरगावच्या माणसाला त्यात जागा हवी असेल, तर एका दिवसाचे चारशे किलोमीटर त्याने आधी आपल्या भागात करून दाखवायचे होते. वाटेत किमान पाच ठिकाणी जबाबदार व्यक्तीची सही, हुद्दा आणि वेळ वहीत घ्यायची. त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती; शेवटच्या वर्षीचा जानेवारी संपण्यापूर्वी वही पुण्यात पोहोचली पाहिजे. पुढे अशी मोहीम काढण्याचा क्लबचा विचार नव्हता.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. गाडी शंभर सीसीची होती. आखणीतला भागीदार धुळ्याचा, एका शाळेत चित्रकला शिकवणारा मित्र. त्याला सगळे मास्तर म्हणत, मीही म्हणत असे. त्याच्याकडे गाडी नव्हती, पण नकाशे होते. कन्याकुमारीचा रस्ता त्याने ड्रॉइंग पेपरचे चार तुकडे जोडून काढला होता आणि घराच्या भिंतीवर लावला होता. मुक्काम लाल शाईने, नद्या निळ्या. त्याच्या घरी गेले की पाणी यायच्या आधी नजर तिकडे जायची.

पहिल्या वर्षी मेमध्ये निघायचे ठरले, कारण दिवस मोठा. मेच्या दुपारी भुसावळच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटते. एका रविवारी चाळीस किलोमीटर करून पाहिले आणि मे महिना रद्द केला. पावसाळ्यात रस्ते गेले. दिवाळीनंतर निवडणुका लागल्या आणि रजा बंद झाल्या. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी एक चाचणी घेतली आणि पेट्रोल पंपांवरच्या माणसांच्या सह्या घेऊन वही नमुना म्हणून क्लबला पाठवली. उत्तर आले: सह्या वाचता येत नाहीत, हुद्दे नाहीत, तीन ठिकाणी वेळ अर्जदारानेच लिहिलेली दिसते. तिन्ही आक्षेप बरोबर होते. पंपावरच्या माणसाच्या हातात नळी असते, वही समोर धरली की तो म्हणे, "तुम्हीच लिहा साहेब, मी खाली गिरगटतो."

बसस्थानकावर विचारून पाहिले. खिडकीतल्या माणसाने शांतपणे सांगितले की तो बसची वेळ नोंदवतो, माझी नाही. त्याचेही चूक नव्हते.

तेव्हा मास्तरने तोडगा काढला.

"ओळखीची माणसं धर," तो म्हणाला. "अनोळखी माणूस सही द्यायला घाबरतो. ओळखीचा असला की पेन काढूनच उभा राहील."

आमच्या दोन वर्षांच्या आखणीतली सर्वांत मोठी चूक ती हीच. तेव्हा आम्हाला ती सुटका वाटली.

मार्ग ठरला. जळगावहून सावदा, तिथून भुसावळवरून बोदवड, परत जळगाव, मग धुळे, साक्रीच्या रस्त्यावर तीस किलोमीटर पुढे जाऊन परत धुळे, अमळनेर आणि शेवटी जळगाव. एकूण चारशे दोन. पंचांगात सूर्योदय सात वाजून पाच मिनिटांनी आणि सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांनी होता. अकरा तास. ताशी चव्वेचाळीसचा वेग धरला तर गाडीवरचे तास नऊ-सव्वानऊ होत. थांबे, पेट्रोल, रेल्वेचे फाटक, केळीचे ट्रक यांना पावणेदोन तास उरत. मास्तरने तक्ता केला आणि प्रत्येक सहीसमोर दोन मिनिटे लिहिली.

सावदा, बोदवड, अमळनेर आणि साक्रीच्या रस्त्यावरचे गाव अशा चार ठिकाणी आठवडाभर आधी पोस्टकार्डे टाकली. मजकूर मी लिहिला, सगळ्यांना सारखाच: "अमुक तारखेला अमुक वाजता येत आहे. फक्त सही हवी. दोन मिनिटांत निघेन. कृपया काही करू नये."

बातमीच्या भाषेत हा मजकूर निर्दोष होता. खानदेशात आधी पत्र टाकून येणारा माणूस पाहुणा असतो आणि "काही करू नये" असे लिहिणारा पाहुणा भिडस्त असतो, हे मला त्या वयापर्यंत माहीत असायला हवे होते.

सात वाजून पाच मिनिटांनी कार्यालयाच्या फाटकात छापखान्याच्या फोरमनने पहिली सही केली. हुद्दा लिहिला, वेळ लिहिली. थंडी होती. सावद्याला आठ दहाला पोहोचलो, तक्त्यापेक्षा दहा मिनिटे आधी.

सावद्याला वडिलांचे मावसभाऊ राहत. त्यांना घरातले आणि गावातले सगळे नाना म्हणत. केळीची बाग, गावात मान, सहीखाली पदे लिहायची तर दोन ओळी लागाव्यात. नाना रस्त्यावरच उभे होते. मला बरे वाटले. त्यांनी वही हातात घेतली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि बागेकडे चालू लागले.

मी मागे गेलो. बागेत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ होता आणि त्यात वांगी भाजत होती. आठ-दहा माणसे पोत्यांवर बसली होती. काकू पुऱ्यांचे पीठ मळत होत्या. म्हणजे पुऱ्या अजून लाटायच्याच होत्या.

"नाना, मी लिहिलं होतं, दोन मिनिटं."

"वाचलं ना. चार वेळा वाचलं."

"मग सही द्या, मी निघतो."

"भाऊ, तू पत्र टाकून आला न् उभ्या उभ्या गेला, तर या लोकांना मी काय सांगू? मी बोलावलं यांना. पेपरवाला पुतण्या गाडीवरून कन्याकुमारीला चालला, म्हटलं."

"आज नाही चाललो. आज फक्त जळगावला परत."

"मग तर काय घाई? जळगाव इथं तर आहे."

माणसे हसली. पोत्यावरचा एक जण म्हणाला, "अरे, घोड्याला चंदी देतात. याच्या गाडीलाच पेट्रोल, न् याला काही नाही?"

वांग्यांची साले निघाली, वांगी लाकडी बडगीत ठेचली गेली, मिरची, लसूण, शेंगदाणे पडले. कोणीही घाई केली नाही, कारण भरताला घाई चालत नाही, असे मला दोघांनी वेगवेगळे समजावले. मी घड्याळ पाहिले की कोणीतरी ताटात पुरी वाढे. भरीत उत्तम होते. ते चांगले असल्याचा मला राग आला हे स्पष्ट आठवते.

हात धुऊन नानांनी चष्मा लावला, पेन उघडले.

"वेळ कोणती टाकू? तुझ्या पत्रात आठ-वीस आहे. आठ-वीसला आला न् आठ-बावीसला गेला, असं टाकतो."

खोटी वेळ लिहायला ते एका पायावर तयार होते. माझ्यावरची मायाच ती. पण मार्चचा आक्षेप माझ्या डोक्यात होता आणि धंद्याची सवयही.

"नाही नाना. खरी टाका. जे झालं तेच."

नानांनी मान हलवली आणि ठळक अक्षरात लिहिले: "सकाळी ८.१० ला आले. भरीत-पुरी खाऊन ९.३० ला निघाले." खाली सही, आणि तीन पदे.

ऐंशी मिनिटे गेली होती.

बोदवडला ज्यांना पत्र टाकले होते ते घरी नव्हते. लग्नाच्या बोलणीसाठी परगावी गेले होते. त्यांच्या घरचे आत बोलावत होते. मी गाडीवरून उतरलोच नाही. रेल्वे स्टेशनवर गेलो आणि तिकीट खिडकीतल्या बाबूंसमोर वही धरून दोन वाक्यांत सांगितले. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले, वेळ लिहिली, सही केली, शिक्का मारला, वही परत दिली आणि मागच्या माणसाला विचारले, "कुठलं?" अनोळखी माणूस सही देत नाही, या सिद्धांतावर आम्ही सगळा मार्ग उभा केला होता. त्या दिवशीची सर्वांत जलद सही अनोळखी माणसाचीच ठरली. मास्तरला ते कधी सांगतो असे मला झाले होते.

दुपारी सव्वादोनला धुळ्यात मास्तर घराबाहेर वही-पेन घेऊन तयार उभा होता. त्याने तक्ता काढला.

"सव्वा तास मागे आहेस."

"भरीत."

"काय भरीत?"

"वहीत लिहिलंय. वाच."

त्याने वाचले, नाना आठ-बावीस लिहायला तयार होते हेही मी सांगितले, आणि तो हसला नाही. सही करून तो म्हणाला, "अमळनेरला आबा चहासुद्धा विचारणार नाहीत. गिरणीतला माणूस आहे, भोंग्यावर आयुष्य गेलं. मी तीनच्या एसटीने जळगावला येतो. फाटकात असेन."

साक्रीच्या रस्त्यावर त्याचा सहकारी शिक्षक खरोखर डांबराच्या कडेला उभा होता. त्याने वही गाडीच्या टाकीवर ठेवूनच सही केली. परत धुळे ओलांडले. अमळनेरला चार बत्तीसला पोहोचलो. हिशेब सोपा होता. जळगाव सत्तावन्न किलोमीटर, एक तास एकोणीस मिनिटे. चार शेहेचाळीसपर्यंत निघालो तर वेळेत. हातात चौदा मिनिटे होती, लागणार होती दोन.

आबा तेलगिरणीतून निवृत्त झालेले, मास्तरच्या वडिलांचे स्नेही. ओसरीवर खुर्ची, शेजारी दौत, सगळे तयार. त्यांनी वही घेतली, आणि सही करण्याआधी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. गिरणीत न वाचता कागदावर सही केली नाही, असे ते म्हणाले. त्याला हरकत घेणे मला शक्य नव्हते. फोरमनची नोंद वाचून झाली. सावद्याच्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी ती मोठ्याने वाचली, घरात ऐकू जाईल अशी.

"सावदाले भरीत-पुरी खाई उना," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "आन आम्हनाकडे पानीबी नई का?"

"आबा, उशीर झालाय. सूर्य मावळायच्या आत—"

"सही कथी पळी जास? बठ पहिले." सही कुठे पळून जात नव्हती; सूर्य जात होता.

आतून बाईंचा आवाज आला, "शिरा टाकेल शे, उठू नका देऊ त्यास्ले."

शिरा व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. तोपर्यंत आबांनी बोदवडचा शिक्का उजेडात धरून पाहिला आणि शिक्का असा असावा, असे सांगितले. मी उभाच राहिलो, तर त्यांनी बशी माझ्या हातात दिली. त्यांचीही नोंद खरी आहे: आगमन ४.३२, प्रस्थान ४.५५, शिरा.

नानांना मी आठ-बावीस लिहू दिले असते, तर आबांना वाचण्यासारखे काही मिळाले नसते. हा विचार मी अमळनेर ते जळगाव प्रत्येक मैलाच्या दगडाला केला. त्या रस्त्यावर वेग वाढवण्यासारखी जागा नव्हती. बैलगाड्या कपाशी घेऊन परतत होत्या. पाळधीजवळ सूर्य मागे आरशात होता, तांबडा. मग आरशात काही नव्हते.

फाटकात मास्तर उभा होता. मी गाडी बंद केली. त्याने आधी घड्याळ पाहिले, मग मला.

"सहा-चौदा," तो म्हणाला.

फाटकात दुसरे कोणी नव्हते. उजेड बराच होता; मथळे वाचता येतील इतका.

"सहा-पाच लिही," मी म्हणालो.

त्याने वही उघडून सावद्याचे पान काढले.

"मास्तर, नऊ मिनिटं. घड्याळं पुढं-मागं असतात."

"तुझं काय म्हणतंय?"

माझेही सहा-चौदाच म्हणत होते.

"नाना आठ-बावीस लिहीत होते," तो म्हणाला. "तूच नको म्हणालास. आता मी सहा-पाच लिहिलं, तर त्यांची ओळ खरी आणि माझी खोटी. एकाच वहीत."

"तुझ्या ओळखीच्या माणसांनी घालवलं हे सगळं."

"हो," तो म्हणाला, आणि चित्रकलेच्या मास्तराच्या सुबक अक्षरात त्याने ६.१४ लिहिले. आकड्यांना त्याने खाली बारीक रेघही मारली. मी त्याला चहा विचारला नाही. तो परतीच्या एसटीने गेला.

वही तरीही पुण्याला पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वेळेची मर्यादा नऊ मिनिटांनी ओलांडल्याने मोहिमेत घेता येत नाही, असे पहिल्या वाक्यात होते. दुसऱ्या वाक्यात असे होते की आलेल्या सर्व वह्यांमध्ये ही नोंद सर्वांत विश्वसनीय असून, तयारी असल्यास इतर अर्जदारांच्या वह्या तपासण्याच्या कामी माझी मदत घेण्यास क्लबला आनंद होईल. दिवसभर इतरांच्या बातम्या तपासण्याचे काम मी करतच होतो.

त्याच आठवड्यात सावद्याहून पोस्टकार्ड आले. नानांनी लिहिले होते: "सही नीट झाली होती ना? काही कमी पडले असेल तर पुन्हा ये. वांगी अजून महिनाभर आहेत."

क्लबच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. नानांच्या पत्राला द्यावे लागले. सही नीट झाली होती, असे कळवले.