पिसाव तामांचा शेवटचा दगड

माझ्या सासऱ्यांना नदीचं वेड आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात. त्यांचं काय जातं? वादळ आलं, पूर ओसरला, की दुसऱ्या सकाळी हे पिसाव तामा, आमच्या बोलीत तामा म्हणजे बाबा, पुलाखालच्या पात्रात हजर. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. मोठा भूकंप झाल्यापासून खिंडीचे कडे इतके खिळखिळे झालेत की शिकारीही तिकडे फिरकत नाहीत. हे मात्र काळे दगड ओले करकरून निरखत बसणार. गेल्या वर्षी वरून धोंडा आला नि खांद्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघायच्या आधी स्वारी पुन्हा नदीवर. डोकं फिरायची वेळ आली होती माझी.

बोलायला जावं तर शाळा सुरू. तरुणपणी डोंगरातले दगड तपासणाऱ्या सर्वेक्षणवाल्यांच्या पिशव्या वाहिल्या, तेव्हापासूनची ही खोड. हा डोंगर म्हणे समुद्राचा तळ होता. प्रवाळ, शिंपले, गाळ थरावर थर बसले. जमिनीने खालून रेटलं, दाबून दाबून त्यांचा संगमरवर झाला. डोंगर वर येत राहिला नि नदी त्याला कापत राहिली. म्हणून कड्यांत पांढरे, करडे, हिरवे पट्टे. एखाद्या थरात मँगनीज असलं की दगड आतून गुलाबी, हवापाण्याने वरून काळा. अकरा वर्षं ऐकतेय, झोपेतही म्हणून दाखवीन.

या पुरात त्यांनी कलिंगडाएवढा दगड आणला आणि माझा संयम सुटला. घर डोक्यावर घेतलं मी. शेवटी ते कबूल झाले: हा गुलाबी निघाला नाही, तर पुन्हा पात्रात पाय ठेवणार नाही. राळ्याच्या दारूत बोट बुडवून त्यांनी पूर्वजांना शिंतोडे दिले. असा दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत.

दगड गुलाबीच होता. एवढं आता मलाही कळतं. चुलत दीर वातान याच्या दगड कापायच्या यंत्रावर तामांनी खडूने रेघ मारली, थरांना आडवी. कांदा आडवा चिरला तर सगळी वर्तुळं दिसतात, सोलला तर नुसती साल, दगडाचंही तसंच. ते दारूची बाटली आणायला वळले, तेवढ्यात मी रेघ पुसली नि करड्या थराला धरून दुसरी मारली.

"वहिनी, पूर्वजांच्या देखत?" वातान कुजबुजला.

"भावजी, म्हातारा जिवंत राहिला पाहिजे. चालवा."

दोन्ही फोडी राखाडी निघाल्या. गुलाबी ठिपकासुद्धा नाही. जिंकले होते मी.

तामांनी ओल्या कापावरून अंगठा फिरवला, कडेचे थर चाचपले. मग माझी खडूने माखलेली बोटं पाहिली.

"थराला धरून कापायला लावलास. म्हणजे ऐकत होतीस तू इतकी वर्षं."

मी बोटं पाठीमागे लपवली.

"माझी काळजी वाटते, एवढं तोंडाने म्हणाली असतीस तर दगड तरी वाचला असता."

अस्सा संताप आला. अकरा वर्षं दुसरं काय बोलत होते मी? तेच सांगायला तोंड उघडलं, आणि आठवले ते टोमणे, धमक्या, गाऱ्हाणी. ते एक वाक्य कुठेच नव्हतं.

"वाटते, तामा," मी म्हटलं. "फार वाटते."

"मग नाही जात."

फसवून घेतलेला शब्द त्यांना सहज मोडता आला असता. पुढच्या पुरानंतर ते दिवसभर ओट्यावर नदीकडे कान लावून बसून राहिले. मला ते बघवेना.