तीन दाती बॅटरी

त्या दिवशी दिग्रसला थंडी अशी होती, की बाटलीतलं खोबरेल तेल दगडासारखं थिजलं होतं. धुकं खाली उतरून सरकीच्या ढिगांवर बसलं होतं. जिनिंगचा भोंगा ऐकू आला, पण जिनिंग दिसली नाही. अशा सकाळी देवराव नावाचे गृहस्थ पुसदेकडून आले, माझ्या पिकपसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "कर सुरू."

गाडी सुरू झाली तर त्यांची मुलगी मला मिळणार होती. नाही झाली तर नाही.

आता एवढी मोठी गोष्ट एका बॅटरीवर कशी आली, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. आम्ही म्हातारे लिंबाखाली बसलो, की त्या पिकपचा एक किस्सा निघतो, त्याला दुसरा चिकटून येतो. कापूस वेचताना बोटांना चिकटतो ना, तसाच. झटकला तरी जात नाही.

*

नुकताच महाराष्ट्र झाला होता. पिकप जिनिंगच्या शेठजींची, चालवायचो मी. दिग्रसहून सरकी, ढेप पुसदेला न्यायची आणि जागा उरली तर माणसंही. गाडी लढाईच्या काळातली. बाकी सगळं ठीक, पण बॅटरी पार मेलेली. फिरवून सुरू करायच्या हँडलचे दात झिजलेले. म्हणून ढकलायची.

एकदा भाजीवाली सखूबाई बसली. वाटेत गाडी बंद पडली, तशी मी म्हणालो, "मावशी, जरा हात लावा."

ती उतरली, पदर खोचला, गाडी ढकलली. पुसद आल्यावर मी भाड्यासाठी हात पुढे केला.

"कायचे पैसे? तू मले आणलं का मी तुले आणलं?"

मी हात मागे घेतला.

*

देवरावांचं शेत याच रस्त्याला लागून. एका दुपारी गाडी बरोबर तिथेच बंद पडली. देवराव आणि त्यांची मुलगी शांता कापूस वेचत होते. दोघं कमरेला कापसाची ओटी बांधलेलीच धावत आली. देवरावांनी एका बाजूने हात लावला, शांताने दुसऱ्या. देवराव दम खायला थांबले, पण गाडी थांबली नाही. पोरीचा जोरच तसा होता!

इंजिन लागलं. आता थांबलं तर पुन्हा बंद पडेल, म्हणून मी तसाच निघालो. तिला काहीतरी बरं बोलावं असं वाटत होतं. पण मी पहिल्यापासून सावकाश माणूस. शब्द तोंडाशी आले तेव्हा पुसद आलं होतं. त्यानंतर का कुणास ठाऊक, गाडी दर खेपेला तिथेच बंद पडू लागली.

*

आमच्या शेजारी हरसिंग नाईक राहायचे. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. नाईकबाबांना बैलाचं इतकं कळायचं, की बाजारात लोक आधी त्यांना विचारायचे, मग बैलाला बघायचे.

एक दिवस म्हणाले, "मारोती, तुही गाडी त्या देवरावच्या वावरापाशीच कायले मरते रे?"

मी उत्तर शोधत राहिलो. मला उत्तर सापडायच्या आत ते देवरावांना भेटूनही आले!

देवरावांचं उत्तर सरळ होतं. "नाईक, पोरगा वाईट नाही. पर ज्याची गाडी माह्या पोरीनं धकलल्याशिवाय चालत नाही, त्याले मी पोरगी देऊ तरी कशी? पह्यले बॅटरी बदलवा म्हना. मंग मी येतो पाहाले."

*

शेठजींनी परवानगी दिली. "तूच पाहून आण," म्हणाले. मला बॅटरीतलं काय कळतं? नाईकबाबा म्हणाले, "मी येतो ना संगं."

यवतमाळच्या दुकानात बॅटरीवाल्याने विचारलं, "कितने वोल्ट की चाहिए?"

मी विचार करू लागलो. नाईकबाबा तोवर बॅटऱ्यांभोवती फिरत होते. एकीवर थाप मारली, एक उचलून पाहिली, एकीचं खालून बघितलं. मग त्यांचं लक्ष वरच्या बुचांवर गेलं. काही बॅटऱ्यांना तीन बुचं, काहींना सहा.

"हे तिचे दात हायेत का?"

"दात समझो," बॅटरीवाला हसून म्हणाला. "लेकिन चाचा, पहले अपनी गाडी का देख के आओ."

"गाडी माह्या दारात उभी रायते. मले कायले पाहा लागते?" नाईकबाबा माझ्याकडे वळले. "मारोती भिया, जनावराले दोन दात येते, चार येते, सहा येते. तीन दाती जनावर मी जल्मात नाही पाह्यलं. फसवून राह्यला हा. सहादाती घे!"

आम्ही सहादाती घेतली.

*

येताना एसटीत ती माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट लागीन."

नाईकबाबा म्हणाले, "तीन वर्षाच्या आतल्या लेकराले लागते का?"

"नाही."

"मंग? हे तं आजच जलमली!"

सगळी गाडी हसली. तिकीट काही लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी धोतर झटकलं तर मांडीवरची चाळणी झालेली. बॅटरीतलं तेजाब सांडलं होतं. नाईकबाबांनी भोकांतून बोट घालून पाहिलं.

"लाथा मारते बाप्पा! पर असं जनावर कामाले चांगलं रायते."

*

त्याच दिवशी सांजेला बॅटरी बसवली. बटन दाबलं तशी गाडी जागच्या जागी उडाली. दिवे लावले तर लिंबाचं पान न् पान मोजता यावं असा उजेड! नाईकबाबांचा कोंबडा फसून आरवला. शेजारीपाजारी सगळे जमले.

"पाह्यलं? सहादाती!" नाईकबाबा म्हणाले.

तेवढ्यात उजवा दिवा फट् झाला. मग डावा. मग मागचा. अंधारात कोणीतरी म्हणालं, "नाईक, दात पडून राह्यले ना गा!"

गाडी मुळात तीन बुचांचीच होती; सहा बुचं म्हणजे दुप्पट वोल्ट. मी पुन्हा यवतमाळला गेलो, ती बदलून तीन दाती आणली. बॅटरीवाल्याने आधी माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं. नाईकबाबा चार-पाच दिवस त्या बॅटरीच्या बाजूने गेले नाहीत. मग एका सकाळी आपणच उठून गेले, तीन बुचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "असू दे. मानसातयी असते एखादं असं."

*

तर देवराव म्हणाले, "कर सुरू."

मी गाडीत बसलो. थंडीने बोटं वळत नव्हती. अशा थंडीत धडधाकट बॅटरीही मान टाकते, हे मला माहीत होतं. देवरावांनाही कोणीतरी सांगितलेलं असावं, नाहीतर एवढ्या पहाटेच्या एसटीने कोण येतं?

मी बटनावर बोट ठेवलं आणि मागे वळून पाहिलं, तर अख्खी गल्ली सवयीने येऊन मागच्या फाळक्याला हात लावून उभी! सखूबाई सगळ्यांत पुढे, पदर खोचून.

देवराव आधी त्या माणसांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"हात काढा!" नाईकबाबा ओरडले. "सारे मांगं व्हा! कोनी शिवू नका तिले!"

माणसं मागे सरली. नाईकबाबांनी डोळे मिटले. मी बटन दाबलं.

गाडी एकदा कण्हली. दुसऱ्यांदा कण्हली. आणि लागली.

देवरावांनी एक फेरी गाडीभोवती मारली. मग खिडकीशी येऊन मला विचारलं, "मंग? तुहं काय म्हननं हाय?"

मी सांगणारच होतो. शब्द गळ्यापर्यंत आले होते. देवराव वाट पाहत राहिले, इंजिन वाट पाहत राहिलं, शेवटी त्यांनी मान हलवली आणि नाईकबाबांना लिंबाखाली बाजूला नेलं. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. एकदम देवराव एवढ्या मोठ्याने हसले, की सखूबाई दचकली. मग त्यांनी चहा मागितला, आणि चहा मागितला म्हणजे काम झालं.

नाईकबाबा माझ्याकडे आले. मी अजून तसाच बसलेलो, गाडी अजून सुरूच. मी म्हणालो, "नाईकबाबा, काय म्हणाले ते?"

"म्हने, नाईक, गाडीचं पाह्यलं. पर हा पोरगा तं बटन दाबूनयी बोलत नाही. मी म्हनलं, देवराव, गाडीची बॅटरी यवतमाळले भेटली. याची तुमच्या घरी हाय!"