आलता लावलेली उंदरीण

कलकत्त्यातला तो सोमवार अजून आठवतो... सत्तरचं दशक, मी नुकतीच नोकरीला लागलेली. त्या दिवशी मी आकडे खोटे लिहिले.

वडिलांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी, त्यामुळे आम्ही बागबाजारात भाड्यानं राहायचो. मी एका लॅबमध्ये असिस्टंट होते. आमचे सर बंगाली आणि भारी मिश्कील... मला 'बर्गी' म्हणायचे. बर्गी म्हणजे एकेकाळी बंगाल लुटायला आलेले मराठा घोडेस्वार.

प्रयोग साधा होता. पांढऱ्या उंदरांच्या दोन माद्या, दोघींची तान्ही पिल्लं. सगळ्या पिल्लांना थोडा थोडा पारा द्यायचा, पण एकीच्या खाण्यात सेलेनियम मिसळायचं, म्हणजे ते दुधातून तिच्या पिल्लांना मिळेल. सेलेनियम पाऱ्याला अंगाबाहेर काढतं का, हे आम्हाला बघायचं होतं.

सोमवारी मोजणी झाली. सेलेनियमचं कार्ड लावलेल्या पिंजऱ्यातल्या पिल्लांच्या अंगात पारा कमी नाही, उलट जास्त निघाला...

शनिवारी पिंजरे धुताना दोन्ही कार्डं मीच काढली होती. परत लावताना अदलाबदल झाली असणार, माझी खात्रीच पटली. नोकरी जाईल या भीतीनं मी रिपोर्टमध्ये गुपचूप आकडे इकडचे तिकडे केले.

मंगळवारी सकाळी माद्यांना खाणं घालायला गेले. सेलेनियमच्या पिंजऱ्यातली मादी पाठमोरी बसली होती आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी फिकट गुलाबी रंग दिसत होता. तो आलता, म्हणजे बंगाली बायका पायाला लावतात तो लाल रंग, मीच लावलेला... दोघी सारख्याच दिसतात म्हणून, पहिल्या दिवशी, फक्त सेलेनियमवालीला, घरमालकीणबाईंच्या बाटलीतला. भीतीपोटी तो साफ विसरले होते.

म्हणजे कार्डं बरोबर होती. चूक होती ती माझ्या रिपोर्टात.

तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. आता हाकलतील असं वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "आगे बोलोनि केनो?" आधी का नाही सांगितलंस... मग पिल्लांच्या वजनांची वही काढली. ती त्यांच्याकडेच असायची.

जास्त पारा असलेली पिल्लंच छान वाढली होती. दुसरी मात्र खुरटलेली.

सर वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवून विचारू लागले. पारा अंगात आहे, मग तो त्रास का देत नाही? सेलेनियम त्याला बाहेर काढत नसेल, आतच धरून बांधून ठेवत असेल का? त्या दिवशी आम्ही दोघंही जेवायचं विसरलो. पुढे प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच निघालं.

त्या मंगळवारी लॅबमधून निघताना सर हसून म्हणाले होते, "लुटलेलं परत आणून देणारी बर्गी मी आजच बघितली."

माझी नोकरी टिकली. पण खरं सांगू का, ते आकडे मी 'सुधारूनच' ठेवले असते, तर त्या दिवशी आम्हाला पडलेला सगळ्यात सुंदर प्रश्न माझ्याच हातून पुसला गेला असता... त्या उंदरिणीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.