हेडमास्तरांचा सौदा

च्या घ्या. व्हय, आज मीच केलाय. का केलाय ते शेवटी कळंल. पर आधी कबूल करा, हसताना बशी सांडायची न्हाय. कारण माझ्याएवढा गाढवपणा निपाणी भागात दुसऱ्या कुणी केला असंल, तर त्याला माझ्यासमोर उभा करा. मी त्याच्या पाया पडतो!

तुम्हाला ठावंच हाय, मी गुळाचा व्यापारी. गाव मला आदाण्णा म्हणतंय. त्यात वर आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष. अध्यक्ष कसा झालो? पोरगी शाळेत होती आन् आवाज मोठा होता. आवाज गुळाच्या सौद्यात, लिलावाला बोली वरडून कमावलेला, त्याला कोण काय करणार?

तर आमच्या शाळेला हेडमास्तरच न्हवता. आदले निवृत्त झाले, तवापासनं नुसता चार्ज. आज ह्या गुरुजींकडं चार्ज, उद्या त्या बाईंकडं. आन् चार्ज घेतलेला माणूस वर्गात सापडतोय व्हय? तो आपला मीटिंगला गेलेला, न्हायतर दुपारच्या जेवणाची अंडी मोजत बसलेला. लोकांनी एकेक पोरगं काढून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवायला सुरुवात केली.

माझी बायको पद्मा. तिनं एक दिवस ताट वाढलं आन् सांगितलं, "जूनपर्यंत हेडमास्तर आला तर बरं. न्हायतर श्रुतीला मी बेळगावला ठेवणार, अनगोळात, माझ्या भावाकडं."

श्रुती आमची एकुलती एक. सातवीत जाणार होती. मी दुकानातनं आलो की "आप्पा, गूळ आणला?" म्हणून माझा खिसा चाचपती. ती अनगोळाला गेल्यावर मी संध्याकाळी घरी कशाला यायचं, तुम्हीच सांगा!

पद्मापुढं बोलायची माझी टाप न्हाय. लग्नाआधी मी तिला बघायला गेलतो, तवा भायेर येऊन मामाला म्हणालतो, "पोरगी बरी हाय, च्या मातूर पुचाट." ते खिडकीतनं तिनं ऐकलं. तवापासनं घरात कसलाबी वाद निघू दे, शेवट त्या च्यावरच होतोय!

मग मी समितीची मीटिंग बोलावली. विषय एकच, आपल्याला हेडमास्तर कसला पायजे?

झालं की वो! हेडमास्तर ऱ्हायला बाजूला, ज्याचं त्याचं धोरण भायेर पडलं. तात्या म्हणाला, "फाडफाड इंग्रजी बोलणारा पायजे." भरमा उसळला, "इंग्रजी काय चाटायचंय? आधी कन्नड शिकवा नीट. पोरगं तालुक्याच्या ऑफिसात गेलं की दाराबाहेरच उभं ऱ्हातंय." त्यावर तात्या, "आन् मराठी शाळेत मराठी कोण शिकवणार, तुझा आजा?" सुशीलाआक्का कोपऱ्यातनं म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. पोरींच्या संडासाला कडी लावणारा आणा." त्या दिवशी तेवढं एकच शहाणं वाक्य झालं, आन् त्यावर कुणी चकार शब्द काढला न्हाय.

त्यातच मला खबर लागली. खानापूर भागातले देसाई सर बदलीवर येणार. हिऱ्यासारखा माणूस! बंद पडायला आलेली शाळा उभी केलेली. आमच्या भागात मराठी शाळेच्या दोनच जागा रिकाम्या होत्या. एक आमची, आन् दुसरी नदीपलीकडच्या गावची. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "गुरुवारी दोन्ही शाळा बघतो. आधी तुमची. मग बदलीच्या वेळी एक मागून घेतो."

मी हवेतच! पर पलीकडच्या शाळेचा अध्यक्ष कोण? बाळाप्पा. आन् बाळाप्पा कोण? गुळाच्या सौद्यात रोज माझ्या खांद्याला खांदा लावून उभा ऱ्हाणारा व्यापारी!

सोमवारी मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात चौकशीला गेलतो, तर समोरच्या हॉटेलात हा बसलेला.

"काय आदाण्णा, गावला का हेडमास्तर?"

"कुठला गावतोय!"

"त्ये देसाई सर म्हणं लई चांगले हायत."

आता इथं गप बसायचं का न्हाय? पर जीभ पडली व्यापाऱ्याची. सौद्याची रीत तुम्हाला म्हाईत हाय. ज्या ढेपंवर डोळा हाय, तिलाच नावं ठेवायची. काळपट हाय म्हणायचं, खारट हाय म्हणायचं. म्हंजे दुसरा हात घालत न्हाय.

मी तोंड वाकडं केलं. "कोण, देसाई? अरं बाबा, त्याचं नाव नको! शाळेत कमी आन् रजेवर जास्त. तापट तर असला! बाईमाणसाशीबी धड बोलत न्हाय."

"असं म्हणतोस?" बाळाप्पानं मान हलवली आन् गप च्या प्याला. मला वाटलं, जिंकलो!

माझ्या पाठीमागं आमच्या गावचा टेम्पोवाला भजी खात बसला होता. ते मला उठताना दिसलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. पद्मा म्हणाली, "अवं, त्यो देसाई मास्तर म्हणं बायकांच्या अंगावर वरडतोय?" मंगळवारी ते पोरांना उन्हात उभं करायला लागले. बुधवारी तर त्यांनी दोन शाळा बंद पाडल्या आन् एका पोराचा हात मोडला! मी म्हणतो, माणूस खानापुरात बसून एवढं सगळं करणार कवा?

आता तुम्ही म्हणाल, अरं शाण्या, मग खरं का सांगितलं न्हाईस? कसं सांगणार! बाळाप्पाची थोरली बहीण आमच्याच गल्लीत दिलेली. इथं मी 'सर चांगले हायत' म्हटलं, तर तिथं त्याला चुलीपाशी कळलं असतं. म्हणून कुणी इचारलं की मी नुसता सुस्कारा टाकायचो. "काय बोलायचं आता," म्हणायचो. म्हटलं, गुरुवारी सर आले की गावाला समजावू.

गुरुवारी सकाळीच निपाणीला गेलो. हार घेतला, नारळ घेतला, शाल घेतली. परत येतोय तर शाळंपुढं ही गर्दी! फाटकाला कुलूप. कुलपापुढं सुशीलाआक्का कंबरेला पदर खोचून उभी. आन् ह्या सगळ्यापुढं, डांबरी रस्त्यावर, स्कूटरवर बसलेले देसाई सर.

"असला मास्तर आमच्या गावात नको!" आक्का वरडत होती.

तेवढ्यात तात्यानं मला बघितलं. "आला बघा अध्यक्ष! सर, ह्यांनीच हाटेलात बसून सगळं सांगितलं म्हणून बरं. न्हायतर फसलोच असतो आम्ही!"

मी हार हातात धरून उभा. सरांनी हाराकडं बघितलं.

"हा कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, सर."

"आणि ते कुलूप?"

मी घसा खाकरला. "तेबी तुमच्यासाठीच."

मग मी हात जोडून समजवायला लागलो. "सर, बाजाराची रीत हाय ती. चांगल्या मालाला आम्ही आधी नावं..."

"मी माल?" सर म्हणाले.

त्यांनी स्कूटरला किक मारली आन् पुलाकडं गेले. भला माणूस, एक शब्द वाकडा बोलला न्हाय. ती कसर आक्कानं भरून काढली. "मुडद्या! चांगल्या माणसाच्या तोंडावर माझ्या हातनं कुलूप लावून घेतलंस!" तात्या आन् भरमा आयुष्यात पैल्यांदा एका बाजूला आले. माझ्या विरुद्ध.

सरांनी बाळाप्पाची शाळा घेतली. पुढच्या सौद्याला मी बाळाप्पाला गाठलं. म्हटलं, "काय रं, एवढं वंगाळ ऐकूनबी तू त्यांना घेतलंस कसं?"

तो हसून लोळायचा बाकी ऱ्हायला. "आदाण्णा, तुझ्याशेजारी उभं राहून केस पिकले माझे. तू ज्या ढेपंला नावं ठेवतोस, ती मी डोळं मिटून घेतो!"

जून आला. पद्मानं अनगोळाची पिशवी भरली. श्रुती कोपऱ्यात रडत बसली. मला बघवंना. शेवटी नाक मुठीत धरून पलीकडच्या शाळेत गेलो, सरांच्या पाया पडलो आन् पोरीचं नाव तिथं घातलं. पोरगी घरात ऱ्हायली. पर पोरगी आमच्या शाळेत न्हाय म्हंजे मी पालक न्हाय, आन् पालक न्हाय म्हंजे अध्यक्ष कसला? खुर्ची गेली सुशीलाआक्काकडं. पैल्याच आठवड्यात तिनं संडासाला कडी लावली. नवा हेडमास्तर अजून आलेला न्हाय, पर कडी हाय.

म्हटलं, चला, निभावलं. पोरगी तर जवळ ऱ्हायली.

काल रात्री जेवताना पद्माला काय लहर आली कुणास ठाऊक. गालात हसली. म्हणाली, "अवं, एक इचारू? आवडलेल्या मालालाच तुम्ही नावं ठेवतासा न्हवं?"

"व्हय. रीतच हाय ती."

"मग तवा मला बघायला आलतासा, आन् भायेर जाऊन 'च्या पुचाट' म्हणालतासा, ते त्यासाठीच व्हय?" एवढ्या वर्षांचा राग तिच्या तोंडावरनं उतरताना मी बघितला वो! डोळ्यांत पाणीसुद्धा आलं तिच्या. आता नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द!

आन् मी काय म्हटलं?

"छ्या, छ्या! तवा मी कुठं व्यापारात होतो?"

श्रुती हाय आत, अभ्यास करतीया. पद्मा सकाळच्या गाडीनं अनगोळाला गेली, भावाकडं. पिशवी जूनपासनं भरलेलीच होती.

म्हणून आज च्या मी केलाय. पुचाट झालाय, मला कळतंय. गप प्या.